तांदुळशेतचा मान

“पुन्हा सांगा,” निवेदिता म्हणाली, “चार नंबर गाडी आधी तांदुळशेतला का जाते?”

“रस्ता चांगला आहे तिकडचा.”

तिनं संगणकाकडे वळून काहीतरी टाइप केलं. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे धावायला लागले. आम्ही दोघी बघत राहिलो. मग ती मान हलवत म्हणाली, “नाही. रस्त्याला महत्त्व दिलं की तुमची पाच नंबर बिघडते. चांगल्या रस्त्यासाठी तुम्ही एरवी वाट वाकडी करत नाही.”

“मग पाणी. रेडिएटरला पाणी भरायची सोय आहे तिथं.”

तिनं पाणीही घातलं. पुन्हा आकडे धावले. बाहेर कॅन धुण्याचा खणखणाट चालला होता आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ उतरत होते. खोलीत पंखा होता, पण संगणकाला वीज पुरत नाही म्हणून तो बंद ठेवला होता.

“पाण्यानंही जुळत नाही,” ती म्हणाली. “चारूताई, सुचेल ते सांगताय तुम्ही. खरं काय ते सांगा ना.”

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सप्तधारा दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर नियोजनाला होते. रोज संध्याकाळी फळ्यावर खडूनं लिहायचं, की उद्या सकाळी कुठली गाडी कुठल्या गावापासून सुरुवात करून कुठल्या क्रमानं दूध गोळा करत केंद्रावर येणार. कुठं पूल खचलाय, कुठं जत्रा आहे, कुठल्या ड्रायव्हरची पाठ धरलीय, हे सगळं ध्यानात घेऊन. निवेदिता कोल्हटकर पुण्याच्या एका संस्थेतून आली होती, जीपमध्ये संगणक घालून. माणूस विचार कसा करतो, हा तिचा अभ्यासाचा विषय.

“जवळची वाट शोधणारा प्रोग्राम काय, कुणीही लिहील,” तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “मला तुमच्यासारखा विचार करणारा प्रोग्राम करायचाय. तुमच्या डोक्यात काही वजनं असणार. अंतराला इतकं, दूध नासायच्या भीतीला इतकं, ड्रायव्हरच्या दमण्याला इतकं. ती तुम्हालाही सांगता यायची नाहीत. यंत्र ती अंदाजानं धरतं, उद्याचे फेरे आखतं आणि तुमच्या फळ्याशी ताडून बघतं. फरक कमी झाला तर त्याच दिशेनं आणखी थोडं सरकायचं, वाढला तर मागे यायचं. असं हजारो वेळा, फरक कमीत कमी होईपर्यंत.”

“म्हणजे आमटीत चाखत चाखत मीठ घालतात तसं.”

“अगदी तसंच.”

“माझ्या डोक्याची आमटी करताय म्हणा की,” मी म्हटलं, आणि ती मनापासून हसली.

पहिले पंधरा दिवस मला फार गंमत वाटली. आपण कसा विचार करतो हे कुणाला जाणून घ्यावंसं वाटतंय, असं माझ्या आयुष्यात तोवर झालंच नव्हतं. यंत्र हळूहळू माझ्यासारखं वागायला लागलं. पावसाचे दिवस असले की मी नदीपलीकडची गावं आधी उरकते, हे त्याला कळलं. सोमवारी मी जरा चिकट होते आणि गाड्यांना लांबचे फेरे देत नाही, हेही कळलं, जे मलाच माहीत नव्हतं. मी फळ्यावर लिहायच्या आधीच ते माझे फेरे पडद्यावर मांडून दाखवायचं. एकूणएक गाड्या जुळल्या. राहिली ती चार नंबर.

तांदुळशेत केंद्रापासून अगदी जवळ. शहाण्या माणसानं ते परतीच्या वाटेवर शेवटी घेतलं असतं. मी गाडी आधी तिथं पाठवायची, तिथल्या रांगेपाशी थांबवायची आणि मग ते दूध सगळा फेरा उन्हात हिंडवून परत जवळपास त्याच ठिकाणी आणायची. माणसांना खोटं पटवणं मला बऱ्यापैकी जमतं. सासरी सात वर्षं काढलेल्या बाईला ते यावंच लागतं. पण हे मेलं यंत्र माझं प्रत्येक खोटं तोंडात घालून चाखायचं आणि थुंकून टाकायचं. खरं कारण बाहेर आलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि नोकरी ही त्यातली लहान गोष्ट होती.

त्या दिवशी चार नंबर आली तशी मी चहाच्या निमित्तानं बाहेर पडले. इब्राहीम मुलाणी गाडीवरून उतरत होते. माझ्याहून वयानं बरेच मोठे, बोलणं बेताचं.

“काय म्हणतंय तांदुळशेत?” मी विचारलं.

“दोन येण्या घातल्यात आज,” ते म्हणाले. “आन् जरा सर्दी झालीया. नाक वडत हुती.”

एवढंच. रोजची अशी दोन वाक्यं. तेवढ्यावर मी दिवस काढायची.

येण्या म्हणजे वेण्या, आणि त्या माझ्या रेणूच्या. तांदुळशेतच्या शेळक्यांच्या घरात माझं लग्न झालं होतं. नवरा, विश्वास, हात उचलायचा. एकदा मनगटच मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालून घेतलं आणि परतीच्या एसटीत बसायच्या ऐवजी मी माहेरच्या एसटीत बसले. रेणू तेव्हा सहा वर्षांची, शाळेत गेलेली. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ तिला आणायला गेला तर त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. वकील केला, तारखांवर तारखा पडत राहिल्या. शेळक्यांचा निरोप आला, की गावात पाऊल टाकलंस किंवा पोरीला काही धाडलंस, तर तिला सोलापूरला आत्याकडे पाठवू, मग बस शोधत. ते बोलल्याप्रमाणे करणारी माणसं होती.

त्यात आणखी एक खुंटी होती. नवऱ्याचे चुलते, दिनकरराव शेळके, दूध संघाचे संचालक. माझी नोकरी अध्यक्षांच्या शब्दावर लागलेली, अध्यक्ष माझ्या वडिलांचे शाळासोबती. त्यामुळे दिनकररावांना मला हाकलता येत नव्हतं, पण केंद्रावर आले की “काय सूनबाई” असं सगळ्यांदेखत, दातात काडी घालावी तसं म्हणायचे.

रेणू सकाळी घरची किटली घेऊन डेअरीवर दूध घालायला यायची. डेअरी उघडली की पोरांची रांग लागते, आणि नंतर तासाभरात तिथं कुणी नसतं. गाडी त्या रांगेच्या वेळी तिथं हवी होती. तीन वर्षं मी लेकीला डोळ्यांनी बघितलं नव्हतं. इब्राहीमभाई बघत होते, मी ऐकत होते.

मग मला वाटलं, यंत्रालाच फसवावं. मी फळ्यावर चार नंबरचा फेरा सरळ करून टाकला. तांदुळशेत शेवटी. पहिल्या दिवशी इब्राहीमभाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि हात पालथे करून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आता गाडी उशिरा पोचती ताई. डेअरीम्होरं चिटपाखरू नसतं. असंच चालवायचं का?” मी मान फिरवली. जे लपवायचं ते लपवण्यासाठी तेच सोडून द्यायची पाळी आली होती. अशी कोंडी माझी सासरीही कधी झाली नव्हती.

आणि उपयोग तर काहीच नाही. चौथ्या दिवशी निवेदितानं दार लोटून घेतलं.

“गेले तीन दिवस तुम्ही फळ्यावर लिहिताय ते तुमचं नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसणारच नाही, पण मला दिसतंय. चार नंबर सरळ केलीत आणि बाकीच्या गाड्यांत तुमच्या चुका वाढल्या. तुमचं लक्ष नाही कशात.”

मी खडूनं माखलेली बोटं पदराला पुसली.

“मी एक वेडा प्रयोग केला. कारणं शोधायचं सोडून दिलं. प्रत्येक गावाला नुसती एक ओढ देऊन बघितली. कशाची, ते विचारायचं नाही. यंत्राला म्हटलं, ठरव तूच, या बाईला कुठलं गाव किती ओढतं. सगळ्या गावांची ओढ शून्याला येऊन बसली. एकाची नाही.” तिनं पडदा माझ्याकडे वळवला. “एवढा मोठा आकडा मी अजून कुठल्याच वजनाचा बघितलेला नाही. कोण आहे तिथं?”

“कुणी नाही.”

तिचे हात मांडीवर होते. हे उत्तर तिनं यंत्रात घातलं नाही.

“परवा संचालक मंडळापुढे दाखवायचंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझे सर येताहेत पुण्याहून. आकडा मी लपवू शकत नाही, ते पहिला तोच विचारतील. पण त्या ओढीला नाव काय द्यायचं ते मी ठरवू शकते. तुम्ही सांगाल ते देईन.”

मी दोन दिवस नाव शोधत राहिले. जे सुचे ते फुसकं वाटे. फळ्यावर मात्र तांदुळशेत पुन्हा पहिलं लिहिलं, कारण आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

मंडळाच्या बैठकीत सगळे फेटे-टोपीवाले जमले. निवेदिताचे सर पांढऱ्या केसांचे, मऊ बोलणारे. यंत्रानं माझ्यासारखा फळा लिहून दाखवल्यावर संचालकांनी लग्नात टाळ्या वाजवाव्यात तशा वाजवल्या. मग सरांनी चष्मा वर केला आणि विचारलंच, “ही तांदुळशेतची ओढ काय आहे?”

निवेदितानं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात दिनकररावच खुर्चीत पुढे सरकले.

“त्यात काय विचारायचं सायेब? आमचं गाव हाय ते,” ते म्हणाले. “जत्रंला पालखी पहिली आमच्या दारात थांबती. पहिला नारळ आमचा. ह्यो मान हाय, मान. आमच्या सूनबाईनं गावाचा मान राखला. गाडी पयली आमच्याकडं.”

सर समजल्यासारखं “अच्छा” म्हणाले. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तो पुरता सोडलाही नव्हता, तोच दिनकरराव माझ्याकडे वळले.

“मी आपला समजत हुतो, हिला घराची काय किंमत न्हाई. तोंडानं बोलली न्हाईस पोरी, पर यंत्रानं सांगितलं तुझ्या मनात काय हाय ते. किती मोठा आकडा म्हणालात बाई? बघा. सगळ्या तालुक्यात हिला एकच गाव दिसतंय. घराची वढ हाय ही, दुसरं काय?” त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. “झालं गेलं गंगंला मिळालं. येत्या शुक्रवारी आम्ही हिला न्यायला येतो. रीतसर, गाडी घिऊन.”

अध्यक्षांचे डोळे खरोखर भरून आले. म्हाताऱ्यांना असं काही घडलं की बरं वाटतं. “यंत्र कशाला खोटं बोलेल,” ते म्हणाले. “चारू, तुझ्या वडलांचा जीव भांड्यात पडेल बघ.”

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हटलं, तर मग ओढ कशाची ते सांगावं लागणार. सांगितलं, तर त्याच दुपारी रेणू सोलापूरच्या वाटेला लागली असती आणि इब्राहीमभाई घरी बसले असते. हो म्हटलं, तर विश्वासचं घर. पण त्या घरात रेणू होती. रोज दोन वाक्यांची नाही, अख्खी रेणू. मी मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून उभी होते, हे मला नंतर निवेदितानं सांगितलं.

“होय काका,” मी म्हटलं. “मानच.”

“मग ते यंत्रात पक्कं करून टाका बाई,” दिनकरराव निवेदिताला म्हणाले. “ही आता नोकरी करायची न्हाई. पर गाडी कायम पयली आमच्याकडंच आली पायजे.”

बैठक उठल्यावर निवेदिता व्हरांड्यात माझ्यामागे आली. “हे खरं नाही,” ती म्हणाली.

“यंत्राला चालतंय ना?”

“यंत्राला ओढ किती तेवढंच कळतं. कशाची ते कळत नाही.” तिचा चेहरा रडवेला झाला होता. “माझ्यामुळे झालं ना हे?”

“तुमच्यामुळे नाही,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. तिच्यावर मी कधी रागावले नाही. मला राग आला तो त्या डोळे भरून आलेल्या खोलीचा.

शुक्रवारी ते आले. जीपला फुलांची माळ, खणानारळानं ओटी, सगळं यथासांग. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. विश्वास उंबऱ्याशी उभा होता, नवा सदरा घालून. मी आत पाऊल टाकताना कानाशी हसून म्हणाला, “आता कुठं जाशील?”

मी राहायलाच आले होते. तसं मनाशी बजावूनच आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यनारायण ठरला होता, आणि पूजा होईपर्यंत मी सासूबाईंच्या खोलीत निजायचं, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं बरं. माझे डोळे घरभर रेणूला शोधत होते. ती पुढे आलीच नाही.

ती गोठ्यात सापडली. वासराला धरून उभी होती, माझ्याकडे पाठ करून. किती उंच झाली होती! इब्राहीमभाईंनी मला वेण्या सांगितल्या होत्या, सर्दी सांगितली होती, उंची कधी सांगितली नव्हती. मला रडू फुटलं ते आवरेचना.

“रेणू.”

ती वळली नाही. “तू कशाला आलीस?”

“तुझ्यासाठी आले बाळा.”

“तू कशाला आलीस हितं?” आता ती वळली, आणि तिचं तोंड रागानं लाल झालेलं. “मी येणार हुते ना तुझ्याकडं! मी येणारच हुते!”

“कशी येणार होतीस?”

“गाडीतनं. चार नंबरच्या.” ती दबक्या आवाजात भराभरा बोलायला लागली. “आपल्या गावात गाडी येती तवा रिकामी असती. कॅनच्या मागं लपायला जागा असती. मी बघून ठेवलंय. जत्रा झाली की जाणार हुते. आन् मदीच तीन दिवस गाडी भरून आली, उशिरा आली. मला वाटलं, तू आता बोलवणार न्हाईस. किती रडले मी.”

मी तिथंच गव्हाणीच्या कडेला बसले. “गाडी मी पाठवते, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पायजे?” ती म्हणाली. “आपल्या गावाला उगंच कोण पहिली गाडी पाठवंल?”

पुण्याहून आलेल्या यंत्रानं महिनाभर आकडे मोडले. संचालकांनी त्यातून स्वतःचा मोठेपणा काढला. आणि नऊ वर्षांच्या पोरीनं किटली हातात धरून, रांगेत उभ्या उभ्या, माझ्या मनात काय आहे ते ओळखलं होतं. मी तिला पोटाशी धरलं. ती आधी ताठ राहिली, मग सैल झाली. त्या संध्याकाळचं रेणू आजही मला ऐकवते, की तू येऊन सगळा घोटाळा केलास आणि वर रडत बसलीस.

सकाळी मी किटली उचलली. “डेअरीवर मी जाते रेणूबरोबर,” सासूबाईंना सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सून कामाला लागली.

डेअरीसमोर ही गर्दी. मानाची गाडी कायमची झाली म्हणून दिनकररावांनी हार आणि नारळ आणवला होता. चार नंबर आली. इब्राहीमभाईंनी मला रांगेत बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. दिनकररावांनी बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं, चाकापुढे नारळ फोडला, आणि “चला, च्या घ्यायला चला” म्हणत सगळ्यांना घेऊन समोरच्या हॉटेलात शिरले. विश्वासही गेला. मागं राहिल्या किटल्या घेतलेल्या पोरी, दूध मोजणारा सेक्रेटरी आणि आम्ही.

त्या क्षणी मी काही ठरवलं, असं मी म्हणणार नाही. रेणूनं माझा हात ओढला. ती मला ट्रकच्या पलीकडच्या बाजूनं मागे घेऊन गेली, फळीवर पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं आणि माझ्या आधी वर चढली. आम्ही केबिनच्या भिंतीला टेकून खाली बसलो. इब्राहीमभाई पहिला कॅन उचलून वर आले आणि आमच्याकडे बघून थिजलेच. मग त्यांनी तो कॅन आमच्यासमोर ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा. सेक्रेटरीला म्हणाले, “तुमी ऱ्हाऊ द्या, मी चढवतो सगळं.” तांदुळशेतच्या दुधाची आमच्यापुढे भिंत उभी राहिली.

गाव मागं पडल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फळीवरून डोकावले. “ताई, सरळ तालुक्याला घिऊ? जवळ हाय. इस्टँडवर सोडतो.”

मला तेच हवं होतं. माझ्या अंगातला कणन्‌कण तालुक्याकडे धावत होता. पण महिनाभर त्या खोलीत बसून मला एक सवय लागली होती. मी विश्वासच्या डोक्यात शिरले. बायको पोरीला घेऊन पळाली. पळणारी बाई काय करील? जवळची वाट धरील. स्टँड गाठील, माहेरची एसटी धरील, मागच्या वेळी धरली होती तशी. नाहीतर ओळखीच्या केंद्रावर जाईल. पळणारी बाई गावोगावी दूध भरत हिंडेल, असं कुणाच्या डोक्यात येणार?

“नाही,” मी म्हटलं. “फेरा पुरा करा. एकही गाव गाळू नका.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी ताडपत्री आमच्यावर सारली.

असा तो फेरा सुरू झाला. तो मीच आखलेला होता, आणि इतका लांब फेरा मी का आखला म्हणून त्या सकाळी मी स्वतःला किती शिव्या दिल्या ते माझं मला ठाऊक. प्रत्येक गावात गाडी थांबायची, माणसं बोलायची, हसायची, कुणी फॅटवरून भांडायचं, आणि कॅनची आणखी एक ओळ आमच्यापुढे चढायची. उजेड कमी कमी होत गेला. पाय पसरायला जागा उरली नाही. ताडपत्रीखाली दुधाचा आणि डिझेलचा वास कोंडला होता आणि रेणूचं डोकं माझ्या छातीवर घामानं चिकटलं होतं. कुणी ओळखलं असतं तर तिथून उडी मारायलाही वाट नव्हती. आमच्या लपण्याचा आता पिंजरा झाला होता.

बेलखडी सोडल्यावर मागून जीपचा हॉर्न ऐकू आला. गाडी थांबली. मी रेणूच्या तोंडावर हात ठेवला.

“चाचा!” विश्वासचा आवाज. “आमची मंडळी दिसली का कुठं? पोरीला घिऊन गेलीया.”

“कवा?”

“सकाळी. इस्टँड पालथं घातलं. संघावर बघितलं. कुठं न्हाई.”

“मी हितं फेऱ्यावर हाय मालक. दुधाबिगर काय बघितलं न्हाई सकाळपास्नं.”

पावलं गाडीच्या मागच्या बाजूला आली. कुणीतरी फळीवर पाय दिला, गाडी किंचित हलली. एका कॅनवर बोटांनी टिचकी मारल्याचा आवाज झाला.

“पार आत काय हाय?”

“तुमच्याच गावचं दूध,” इब्राहीमभाई म्हणाले. “पयलं भरल्यालं पार आत जातं. मान हाय ना तुमचा. उतरवू सगळं? हात लावा जरा, दोघं मिळून लौकर हुईल.”

माझ्या तळव्याखाली रेणूचा श्वास लागत होता.

“ऱ्हाऊ दे,” विश्वास म्हणाला. नवा सदरा होता अंगात. पूजेसाठी घातलेला.

जीप वळली आणि तिचा आवाज लांब गेला. चार नंबर पुन्हा चालू झाली. मला रेणूच्या तोंडावरचा हात काढायचं सुचेना, तो तिनंच काढला.

“आई, आता कुठलं गाव?”

“पाचपिंपळ.”

“मग?”

“मग वाघजाई. मग सोनारमळा.”

“आन् मग?”

माझ्या फळ्यावर तेवढंच होतं. सोनारमळ्यानंतर गाडी केंद्रावर जाते, आणि केंद्रावर आता आम्हाला जाता येणार नव्हतं.

“मग मला ठाऊक नाही गं,” मी म्हटलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला हसू आलं.